दुर्मिळ सॉलोसी घरी पाळायचाय? टाकीपासून पिल्लांपर्यंत सगळं

सिक्लिड (माशांचं एक कुळ) म्हटलं की आपल्याकडे दोनच मासे आठवतात, एक फ्लॉवरहॉर्न आणि दुसरा ऑस्कर, आणि दोन्ही ठेवणारा माणूस "हा हाताने खातो बघ" एवढंच सांगतो. खरं तर उजनीची चिलापी पण सिक्लिडच, गोव्यातलं कालुंदर पण सिक्लिडच, फक्त ते आपण ताटात बघतो म्हणून टाकीत ठेवायचं सुचत नाही. हा लेख आहे सॉलोसीबद्दल. हा पण सिक्लिडच, छोटा आफ्रिकन मासा, मादी लिंबासारखी पिवळी, नर निळा आणि त्यावर काळे उभे पट्टे, आणि जंगलात म्हणजे त्याच्या मूळ तलावात तो जवळजवळ संपत आलाय.

मूळ घर मलावी तलावात. तिथे चिझुमुलू नावाचं बेट आहे, त्याच्या उत्तरेला पाण्याखाली एक खडकाळ उंचवटा आहे त्याला तैवान रीफ म्हणतात, आणि हा मासा फक्त तिथे होतो, अख्ख्या जगात दुसरीकडे कुठे नाही. १९९० मध्ये सिक्लिडचे अभ्यासक अ‍ॅड कोनिंग्ज यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि नाव दिलं सौलोस म्वाले या तिथल्या पाणबुड्यावरून. आता एवढ्याशा जागेत राहणारा, एवढा देखणा मासा, मग व्हायचं तेच झालं, टाकीवाल्यांसाठी इतका पकडला की २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' झाला. म्हणजे दोष कारखान्याचा नाही की धरणाचा नाही, आपल्यासारख्या हौशी लोकांचाच. गंमत अशी की तोच मासा जगभरच्या टाक्यांमध्ये चिक्कार आहे आणि सहज पिल्लं देतो, फक्त त्यातला शुद्ध किती आणि भेसळ किती हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: एक टाकी, एक जात. का ते पुढे येईलच.

टाकी आणि ती कुठे ठेवायची

हा मासा ८-९ सेंटिमीटरच्या वर जात नाही, म्हणून दुकानदार म्हणेल दोन फुटी टाकी चालते. नाही चालत. मलावी तलावाच्या खडकात राहणाऱ्या या माशांना तिथले टोंगा लोक म्हणतात म्बुना, आणि म्बुना म्हणजे भांडखोर जमात, आकारावर जाऊ नका. निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या, १० एमएमची काच. यात जवळपास २४० लिटर पाणी बसतं. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण नर जमिनीवरच्या जागेसाठी भांडतात, वरच्या पाण्यासाठी नाही.

पाणी, काच, दगड सगळं धरून साडेतीनशे किलोच्या आसपास वजन होतं. त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर वगैरे नको, लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि टाकीखाली थर्माकोलची शीट टाका, नाहीतर एखादा खडा राहिला तरी तळाची काच तडकते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी बीमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा. खिडकीसमोर नको, उन्हाने शेवाळ येतं ते एक आणि एप्रिल-मे मध्ये पाणी तापतं ते दुसरं.

फिल्टर दणकट घ्या. तासाला टाकीच्या सहा ते आठ पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे दीड ते दोन हजार लिटरवाला. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) असो, संप (टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतला) असो, जे झेपेल ते, पण त्याच्या जोडीला एक स्पंज फिल्टर एअर पंपावर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आत्ता तो फालतू वाटेल. पिल्लं झाली की आणि लाईट गेली की, दोन्ही वेळेला तोच कामाला येतो.

पाणी, म्हणजे खरा विषय

इथेच सगळे नवखे फसतात आणि मी पण फसलोय, त्यामुळे जरा सविस्तर.

मलावी तलावाचं पाणी क्षारधर्मी आहे, पीएच साधारण ७.७ ते ८.६. पण लोक समजतात तसं ते जड पाणी नाही, जीएच (म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा) ४ ते ६ आणि केएच ६ ते ८ एवढंच. म्हणजे बादलीभर मीठ ओतायची काही गरज नाही. पाहिजे काय तर केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जो पीएच धरून ठेवतो.

आता आपल्याकडचं पाणी बघा. पुण्यात धरणाचं पाणी येतं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी, ते मऊ असतं. माझ्या नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शंभरच्या आसपास आणि केएच २. मुंबईचं पण धरणाचंच, मऊच. याउलट मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचं पाणी असेल तर टीडीएस आठशे-हजार सहज दाखवेल, त्यात केएच भरपूर असतो, पण शेतीजवळचं बोअर असेल तर नायट्रेट आधी तपासा. आरओचं पाणी मात्र कुणीच वापरू नका, पैसे देऊन आधी क्षार काढायचे आणि मग परत घालायचे, कशाला?

माझं काय झालं ते सांगतो. पहिली टाकी लावली, मासे आणले, दोन महिने एकदम मस्त, मी पण लोकांना सल्ले द्यायला लागलो. मग हळूहळू नराचा निळा रंग मळका दिसायला लागला, सगळे तळाशी पंख मिटून बसायला लागले, मला वाटलं आजार. दुकानातून औषधं आणून ओतली दोन-तीन. शेवटी एका जुन्या माशेवाल्या काकांनी फोनवर एकच विचारलं, "केएच किती आहे रे?" मी म्हटलं, ते काय असतं. तपासला तर शून्य, आणि पीएच ६.४. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीवर काम करताना केएच खात असतात, नळाच्या मऊ पाण्यात मुळात होता दोन, तो संपला, आणि मग पीएचला धरून ठेवायला कुणी राहिलंच नाही. औषधांची काही गरज नव्हती. गरज होती आमच्या ओट्यावरच्या डब्यातल्या खायच्या सोड्याची.

हिशोब असा: १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच १ ने वाढतो. माझा २ आहे, मला ६ पाहिजे, म्हणजे ४ ने वाढवायचाय, तर १०० लिटरला १२ ग्रॅम. आठवड्याला मी ६० लिटर पाणी बदलतो, त्याला ७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड छोटा चमचा. सोबत थोडं एप्सम सॉल्ट घाला, १०० लिटरला साडेचार ग्रॅमला जीएच १ ने वाढतो. वाळूत शिंपल्यांचा चुरा किंवा कोरलचा चुरा मिसळला तर तो पण हळूहळू विरघळून साठा टिकवतो.

आणि कृपा करून डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, बेकिंग पावडर वेगळी (तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं). एकाने मला इनो चालेल का विचारलं होतं. नाही चालणार, तो तुमच्यासाठी आहे.

टाकीत मासे असताना पीएच एकदम चढवू नका. केएच रोज एकने वाढवा, बास. आणि सोडा सरळ टाकीत न घालता बाहेर ड्रममध्ये विरघळवा, माझ्याकडे गॅलरीत एक निळा ड्रम आहे, आदल्या रात्री भरायचा, त्यात सोडा, एप्सम आणि क्लोरीन मारायला हायपोचे चार खडे टाकून एअर स्टोन लावून ठेवायचा. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा हायपो थोडा वाढवावा लागतो.

दगड आणि वाळू

यात फार डोकं लावू नका. काळा दगड आपल्याकडे फुकट मिळतो, नदीकाठचे गोटे मिळतात, घासून धुवा, गरम पाणी ओता, झालं. जांभा दिसतो छान पण तो झिजून पाणी गढूळ करतो, मी नाही वापरत. वाळू बारीक, चार-पाच पाणी धुऊन घ्या, कारण हे मासे दिवसभर तोंडाने वाळू उपसत असतात.

फक्त एक लक्षात ठेवा, आधी दगड आणि मग वाळू. तळाच्या काचेवर थर्माकोल किंवा प्लास्टिकची जाळी, त्यावर मोठे दगड पक्के बसवा आणि मग आजूबाजूला वाळू भरा. वाळूवर दगड रचलात तर मासे खालून उकरतात आणि एक दिवस रात्री तीन वाजता धाडकन आवाज येतो. दगडांच्या दोन-तीन वेगळ्या राशी करा, मध्ये मोकळी जागा, म्हणजे दोन नरांना आपापली हद्द मिळते आणि पळणाऱ्या मादीला लपायला फटी मिळतात.

टाकी पिकवणे

लोणचं मुरतं तशी टाकी मुरावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत टाकीत मासा नको. आफ्रिकन सिक्लिडच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्यापेक्षा कमी असतो आणि पीएच ८.२ ला तोच नऊ टक्क्यांच्या आसपास जातो. गप्पीच्या टाकीत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

अमोनिया द्यायला रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजवा, किंवा अमोनियम क्लोराईड वापरा, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको हां, त्यात काय काय असतं देव जाणे, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात शुद्ध मिळतो. २४० लिटरला दीड ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. ज्या दिवशी हे २ पीपीएम चोवीस तासात शून्य होईल आणि नायट्राईट पण शून्य दिसेल, त्या दिवशी टाकी पिकली. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो आपल्या टाकीत पिळा, पंधरा दिवस वाचतात.

थेंबवालं टेस्ट किट घ्या, पट्टीवालं नको. टाकी सोडून सगळ्यात आधी पैसे कशावर घालायचे विचारलंत तर मी हेच सांगेन.

मासे आणायचे कुठून

आता येतो मुद्द्यावर. दुकानात एक टाकी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं 'आफ्रिकन मिक्स'. निळे, पिवळे, केशरी, पांढरे, सगळे एकत्र. तिथून सॉलोसी घेऊ नका, जरी तो दिसायला हुबेहूब असला तरी. म्बुनांच्या जाती एकमेकींना फार जवळच्या आहेत, आपल्या जातीचा नर मिळाला नाही तर मादी शेजारच्या जातीच्या नराबरोबर अंडी घालते आणि पिल्लं व्यवस्थित जगतात, त्यांना पुढे पिल्लं पण होतात. दोन पिढ्यांनी असा मासा तयार होतो जो सॉलोसीसारखा दिसतो पण सॉलोसी नाही, आणि तो कुणीतरी सॉलोसी म्हणून विकतो. मी स्वतः सुरुवातीला असेच सहा घेतले होते, मोठे झाल्यावर एका नराच्या अंगावर पट्टे अर्धेच आले आणि शेपटीवर केशरी झाक. तो मासा मेला तोपर्यंत जपला मी, पण त्याच्या बायका बाजूला काढल्या.

ओळखायच्या दोन खुणा सांगतो. इलेक्ट्रिक यलो हा पण पिवळा, पण त्याच्या पाठीवरच्या पंखाला ठळक काळी पट्टी असते, सॉलोसीच्या मादीला ती नसते. आणि डेमासोनी हा सॉलोसीच्या नरासारखाच निळा-काळा, पण त्यात नर-मादी दोन्ही निळे, पिल्लंसुद्धा. सॉलोसीची पिल्लं सगळी पिवळी. त्यामुळे कुणी तुम्हाला दोन सेंटिमीटरचं निळं पट्टेवालं पिल्लू सॉलोसी म्हणून दाखवलं तर हसून पुढे जा.

चेन्नईचं कोळत्तूर हे आपल्या देशातलं रंगीत माशांचं मोठं केंद्र, तिकडून माल सगळीकडे येतो, पण मी म्हणेन आधी असा हौशी माणूस शोधा जो फक्त सॉलोसीच एका टाकीत ठेवतो, आणि त्याची टाकी डोळ्यांनी बघा. त्याला विचारा त्याच्याकडे कुठून आले, कधी आले. जो माणूस हे सांगताना वही काढतो त्याच्याकडून घ्या. एफ-वन म्हणजे तलावातून पकडलेल्या जोडीची पहिली पिढी. हा शब्द बाजारात फार सैल वापरतात, कागद नसेल तर त्याचे जास्त पैसे देऊ नका.

जोडी मागू नका. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाही आणि जोडीने ठेवले तर नर त्या एकट्या मादीला मारून टाकतो. १० ते १२ पिल्लं एकदम घ्या, एकत्र वाढवा. साधारण ४-५ सेंटिमीटरला नर पिवळ्याचे निळे व्हायला लागतात, आधी मळकट, मग एका सकाळी बघावं तर पट्टे. शेवटी दोन किंवा तीन नर आणि सात-आठ माद्या राहतील असं बघा, जास्तीचे नर देऊन टाका. एकच नर ठेवला तर तो सगळा राग माद्यांवर काढतो, दोन-तीन असले की ते एकमेकांत गुंततात. दबलेला नर बऱ्याचदा परत पिवळट होऊन माद्यांमध्ये मिसळून राहतो, त्यामुळे मोजताना फसायला होतं. माझ्याकडे असा एक 'मादी' म्हणून आठ महिने राहिला, मोठा नर दुसऱ्याला दिला आणि चौथ्या दिवशी हे महाशय निळे.

खाणं

हे मासे तलावात दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यातले बारीक जीव पण पोटात जातात, पण मुख्य शेवाळच. आतडं लांब असतं. त्यामुळे स्पिरुलिनावालं (म्हणजे हिरवट शेवाळाची पूड असलेलं) खाद्य द्या, अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, सोललेला मटार, काकडीची चकती दगडाखाली दाबून. ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नको, मटणाचा खिमा किंवा हृदय वगैरे तर बिलकुल नको. ब्लडवर्म पण मी देत नाही.

जास्त प्रोटीन, जास्त खाणं आणि मारामारीचा ताण यातून पोट फुगण्याचा आजार होतो, हौशी लोक त्याला मलावी ब्लोट म्हणतात. मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, मग खातच नाही, पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबते, मग पोट फुगतं. फुगल्यावर वाचणं अवघड, म्हणून थुंकतोय हे दिसलं त्याच दिवशी त्याला वेगळं काढा, पाणी बदला, खाणं बंद. मेट्रोनिडाझोल हे औषध वापरतात लोक, पण ते जाणत्या माणसाला विचारून आणि वेगळ्या टाकीतच.

दिवसातून दोनदा, अर्ध्या-एक मिनिटात संपेल एवढंच. आणि आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्याकडे गुरुवार, आई पण करते, मासे पण करतात, फक्त त्यांना साबुदाणा नाही.

अंडी आणि तोंडातली पिल्लं

टाकी बरी असेल, पाणी २५ ते २७ अंशांवर असेल, तर तुम्हाला काहीच करावं लागत नाही. नर एखाद्या सपाट दगडाजवळ खड्डा करतो, गडद होतो आणि मादीसमोर अंग थरथरवत गोल फिरतो. ती आली तर दोघं वर्तुळात फिरतात, ती एखाददोन अंडी टाकते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या खालच्या पंखावर अंड्यासारखेच पिवळे ठिपके असतात, ती तिथे तोंड नेते आणि अंडी तिच्या तोंडात फळतात. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ असतो, पहिल्यांदा बघाल तेव्हा चहा गार होईल.

त्यानंतर ती मादी जेवत नाही. आमच्या आईनेच पहिल्यांदा ओळखलं होतं.

"अरे, ही एक बघ, गालात सुपारी धरल्यासारखी दिसतेय आणि खायला पण येत नाही."

"आजारी असेल गं."

"आजारी कुठली, बाळंतीण आहे ती."

हनुवटीखालची पिशवी फुगलेली, तोंड पूर्ण मिटत नाही, आणि मधूनमधून चघळल्यासारखं करते, ती अंडी आतल्या आत फिरवत असते. साधारण तीन आठवडे अशी उपाशी राहते. चिलापी पण असंच करते बरं का, उजनीच्या कोळ्यांना विचारा.

इथे माझी दुसरी चूक. उत्साहात मी पाचव्या दिवशीच तिला जाळीने धरून वेगळ्या टाकीत टाकलं. घाबरून तिने अर्धी अंडी थुंकली आणि उरलेली गिळली, दुसऱ्या दिवशी गालफडं सपाट. तेव्हा घाई करायची नाही. पहिल्यांदाच अंडी घातलेली मादी तर न हलवतासुद्धा बऱ्याचदा गिळून टाकते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दोन-अडीच महिन्यांनी ती परत येईल.

आता मी असं करतो. जोडी जमलेली दिसली की वहीत तारीख. सोळाव्या-सतराव्या दिवशी, रात्री दिवे घालवून तासाभराने, टॉर्च लावून तिला उचलायचं, तेव्हा ती सुस्त असते. जाळीने पाठलाग करण्यापेक्षा मोठा प्लास्टिकचा डबा पाण्यात धरून त्यात हळूच ढकलायची, पाण्यासकट. ५०-६० लिटरची छोटी टाकी आधीच तयार, पाणी मोठ्या टाकीतलंच, आणि मोठ्या टाकीत मुरलेला तो स्पंज फिल्टर इकडे आणायचा (म्हणून म्हटलं होतं पहिल्या दिवसापासून चालू ठेवा). तळाला वाळू नको, दोन फुटके कुंडीचे तुकडे पुरे. चार-पाच दिवसांत सकाळी बघावं तर सेंटीमीटरभराची पिवळी पिल्लं, आई हलली की सगळी तिच्या तोंडाजवळ. पंधरा ते वीस असतात, कधी दहाच.

मादीचं तोंड उघडून पिल्लं बाहेर काढायची पण एक पद्धत आहे, व्हिडिओत सोपी दिसते. नवीन असाल तर नका करू, जबडा मोडतो.

पिल्लं सोडल्यावर मादीला दोन-तीन दिवस तिथेच पण जाळीच्या आड ठेवून खाऊ घाला, ती वाळलेली असते. मग मोठ्या टाकीत परत सोडताना दगडांची एखादी रास हलवा, म्हणजे सगळ्यांच्याच हद्दी विस्कटतात आणि तिच्या एकटीच्या मागे कुणी लागत नाही.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून बारीक चुरलेलं स्पिरुलिना खाद्य चालतं, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) उबवता येत असेल तर पहिले दोन आठवडे तो पण द्या, वाढ चांगली होते. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. रोज दहा टक्के पाणी बदला, पण तेच सोडा घातलेलं, त्याच तापमानाचं. वाकडी पाठ, अर्धंच झाकण असलेले कल्ले, अशी पिल्लं निघाली तर त्यांना पुढे वाढवायला किंवा वाटायला देऊ नका, वेगळी ठेवा.

लाईट गेली तर, आणि उन्हाळा

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच, स्पंज फिल्टर त्याच्यावर टाकायचा. मागच्या वर्षी वादळी पावसात आमच्याकडे सात तास लाईट नव्हती, मासे त्याच्यावर निभावले. कॅनिस्टर काही तास बंद राहिला असेल तर लाईट आल्यावर तसाच सुरू करू नका, आतलं पाणी सडलेलं असतं, ते बादलीत ओता, आतला मीडिया (स्पंज, खडे वगैरे) टाकीच्याच पाण्यात विसळा आणि मग चालू करा. लाईट नसताना खायला अजिबात घालायचं नाही.

उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर जायला लागलं की झाकण काढा, पाण्यावर छोटा पंखा सोडा, एअर वाढवा. विदर्भातल्या लोकांना कूलरच्या खोलीतच टाकी ठेवावी लागेल. थंडीत पुण्यासारख्या ठिकाणी हीटर लागतो, ३०० वॉटचा एक घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या, एक अडकून चालूच राहिला तरी टाकीचा रस्सा होत नाही.

वही आणि वाटप

एक शंभर पानी वही. मासे कुणाकडून, कधी आले, कुठल्या मादीने कधी अंडी घातली, किती पिल्लं, कुणाला दिली. एवढंच. तीन-चार पिढ्या तुमच्याच टाकीत झाल्या की दुसऱ्या कुणाचा तरी नर आणा, ज्याचे मासे वेगळ्या ठिकाणाहून आलेत त्याचा, नाहीतर भावाबहिणींतच लग्नं होत राहतात आणि पिल्लं खुरटतात. परदेशात अशा संकटातल्या जाती घरोघरी शुद्ध ठेवून नोंदी करणारा केअर्स नावाचा उपक्रम आहे, काम तेच, वहीचंच.

वर्षभरात पिल्लं इतकी होतात की ठेवायला जागा राहत नाही. तेव्हा कंटाळून नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. मूळची आफ्रिकेतली चिलापी १९५२ मध्ये आपल्याकडे आणली, आज कुठल्याही धरणावर जाऊन बघा जाळ्यात काय निघतं. मोजक्याच माद्या वेगळ्या काढून त्यांची पिल्लं वाढवा, बाकीच्यांची मोठ्या टाकीतच राहू द्यात, दगडातून वाचेल ते वाचेल.

देताना आदल्या दिवशी उपाशी ठेवा म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, कोपरे रबराने बांधून गोल करा नाहीतर पिल्लं कोपऱ्यात चिरडतात, वरून दुसरी पिशवी, मग वर्तमानपत्र. आणि पिशवीवर मार्करने लिहा: सॉलोसी, तैवान रीफ, कुणाकडून आलेली जात, जन्मतारीख. नुसतं 'यलो आफ्रिकन' लिहून दिलंत तर पुढच्या माणसाकडे ती बाकीच्या पिवळ्यांत जातात. आणि वर पारदर्शक चिकटपट्टी मारा, पाण्याने मार्कर पुसतो.